डावा डोळा बारीक

पहाटेचे साडेतीन वाजले असतील. कल्याणला टोमॅटो खाली केला होता, येताना मुरबाडहून पेंडीची पंचवीस पोती परतीच्या भाड्याला भरली होती आणि माळशेज चढून घराकडं निघालो होतो. डांबरी सोडून वस्तीच्या कच्च्या रस्त्याला लागलं की पहिल्याच वळणावर आमची विहीर, आणि विहिरीच्या अलीकडं चारीचं पाणी रस्ता ओलांडून जातं. त्या वळणावर एक माणूस उभा होता. माझ्या नव्या लाइटच्या पांढऱ्या उजेडात तो भिंतीला चिकटवलेल्या कागदासारखा सपाट दिसत होता. गुडघ्यापर्यंत चिखल, खांद्यावर फावडं आणि डोळ्यांवर आडवा धरलेला हाताचा पंजा. मी ब्रेक दाबला. तो माणूस गडबडीनं रस्ता सोडून चारीत उतरला, एक पाय घसरला, फावड्यावर भार देऊन सावरला आणि पंजा तसाच डोळ्यांवर ठेवून ओरडला, "कोन पाहुनं हायती? जरा लाइट बारीक करा की!"

ते नाना होते. माझे वडील.

त्या आठवड्यात शेतीची थ्री फेज वीज रात्रीची होती, म्हणून नाना दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी द्यायला आलेले. मी गाडी बंद करून खाली उतरलो. "नाना, मी आहे." "तू व्हय," ते म्हणाले, "मला वाटलं कोन परका." एवढंच. पुढच्या वाफ्याचं दारं मोडायला ते निघूनही गेले, चिडले नाहीत की काही नाही. मी मात्र घरी येऊन आडवा झालो आणि छताकडं बघत राहिलो. ते चारीत पडले असते तर, हे होतंच. पण त्याहून जास्त टोचत होतं ते 'पाहुनं'. आमच्याकडं अनोळखी माणसाला पाहुणं म्हणतात. एसटीत जागा करून घ्यायची असली की 'पाहुणं, सरका जरा', बांधावर कोणी चुकार माणूस दिसला की 'काय पाहुणं, कुठलं गाव?' ते मला म्हणून झालं होतं, माझ्याच बापाकडून, माझ्याच विहिरीजवळ.

टोचायचं कारण असं, की ह्याच नानांना आमची पिकअप अर्ध्या कोसावरून ओळखू यायची. गाडी २०१३ ची बोलेरो पिकअप. घेतल्यावर तीन-चार वर्षांत तिचा डावा लाइट मंद पडला. बल्ब बदलला, तरी मंदच. उजवा पिवळाधमक आणि डावा वात खाली केलेल्या कंदिलासारखा. नाना म्हणायचे, "आली, डावा डोळा बारीक आली." डांबरीवरून दोन दिवे वळले, की आई ओट्यावरून बघायची आणि चहाचं आधण ठेवायची. मी पायरीवर बूट काढेपर्यंत कप समोर. मला त्या डाव्या डोळ्याचं कधी काही वाटलं नाही. चालवणाऱ्याला स्वतःच्या गाडीचं तोंड कुठं दिसतं!

वाटायला लागलं ते एका जानेवारीत. गळिताचा हंगाम होता. ओतूरहून आळेफाट्याकडं येताना रात्री अकराच्या सुमाराला माझ्यासमोर अचानक ऊस आला. गाडी, ट्रॅक्टर असं काही नाही, नुसता ऊस. रस्त्याच्या मधोमध उसाची हिरवीकाळी भिंत, तिच्यातून लोंबणारी पाचट, खाली ट्रॉलीला ना दिवा ना रेडियमची पट्टी. एका ट्रॅक्टरला मागोमाग जोडलेल्या दोन ट्रॉल्या पंक्चर होऊन उभ्या होत्या आणि ड्रायव्हरनं मागं खूण म्हणून दोन दगड ठेवले होते. त्यातल्या एका दगडावरून माझं चाक गेलं. गाडी थांबली तेव्हा उसाचं एक टिपरं बॉनेटला टेकलेलं होतं. मी खाली उतरून त्या ड्रायव्हरला आईबहिणीवरून काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. पण घरी येताना डोक्यात एकच, की डावीकडचं दिसत नाही. शिवाय आमच्या भागात उसात बिबट्या असतो हे सांगायला नकोच. त्याचे डोळे लाइटवर चमकतात म्हणून तो कळतो. पण डोळ्यांवर पुरेसा उजेड पडायला तर पाहिजे.

आता खरं सांगायचं तर एवढ्यासाठी डावा होल्डर उघडून बघितला असता तरी भागलं असतं. पण माणूस एकदा नवीन घ्यायचं ठरवतो तेव्हा जुन्यात काय बिघडलंय ते त्याला बघायचंच नसतं. त्यात माझा पुतण्या. त्यानं कुठल्या तरी गाडीला निळसर पांढरे लाइट बघितले होते, तेव्हापासून 'काका, झेनॉन, काका, झेनॉन' चाललं होतं. शेवटी पुण्याला कामाला गेलो तेव्हा नाना पेठेत शिरलो. पहिल्या दुकानात म्हणालो, "पिकअपसाठी झेनॉन पाहिजे." दुकानदारानं न बघता विचारलं, "काय पाहिजे झेनॉनचं? क्लच प्लेट, आरसा?" त्याला वाटलं टाटांची झेनॉन पिकअप. "तसं नाही, बोलेरोला झेनॉन." "बोलेरोला झेनॉनचं काही बसत नाही हो." असं बराच वेळ चाललं. मागं उभा असलेला पोरगा हसायला लागला तेव्हा कुठं उलगडा झाला आणि त्यानं आम्हाला चार दुकानं पुढं पाठवलं.

त्या दुकानात काउंटरवर एक फळी होती, तिच्यावर पाच-सहा दिवे लावून ठेवलेले. फोर थ्री, सिक्स थाउजंड, एट थाउजंड. मला वाटलं, आकडा जितका मोठा तितका उजेड मोठा, शेगडीच्या वॅटसारखं. तो आकडा केल्विनचा, म्हणजे उजेडाच्या रंगाचा. त्रेचाळीसशेचा दिवा दुधी पांढरा, सहा हजारचा थंड, निळ्याकडं झुकलेला, आठ हजारचा चक्क निळा. आणि उजेड उलट दिशेनं कमी होत जातो, आठ हजारवाला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कमी कामाचा. हे दुकानदारानंच सांगितलं, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. "दादा, घाटात चालवत असाल तर फोर थ्री घ्या," असं तो दोनदा म्हणाला. मी सहा हजार घेतले. पुतण्या सोबत होता हे एक कारण. दुसरं कारण असं, की फळीवर शेजारी शेजारी लावल्यावर फोर थ्री जुन्यासारखेच दिसत होते, आणि अठराशे रुपये देऊन जुन्यासारखं दिसणारं कोण घेतो?

बसवले घरीच. आळेफाट्याला आमच्या गाडीचं लाइटचं काम करणारे एक चाचा आहेत, त्यांच्याकडं आधी गेलो होतो. खोकं उघडून त्यांनी आतला बल्ब उजेडाकडं धरला, पुन्हा खोक्यात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, बल्ब बदलायच्या आधी वायर बघावी. मला अर्धा तास दे." मला घाई होती. मग रविवारी दुपारी गोठ्याच्या सावलीत मी आणि पुतण्या. मागचं रबरी टोपण काढलं, कपलर ओढला तर त्याचं प्लास्टिक तपकिरी होऊन ठिसूळ झालेलं, हातात तुकडा आला. तेव्हा तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता. नव्या बल्बच्या काचेला बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागलं की काच तिथं तापून जाते, म्हणून पुतण्यानं आईची धुतलेली साडी फाडून बोटांना गुंडाळली. त्यावरून वेगळा गोंधळ झाला. रबराला ब्लेडनं भोक पाडून वायरी बाहेर घेतल्या. आणि ते दोन बलास्ट. तळहाताएवढी ॲल्युमिनियमची चपटी डबी, हाताला चांगली जड. जहाज डुलू नये म्हणून त्याच्या तळात ठेवतात त्या वजनाला बलास्ट म्हणतात हे मला माहीत होतं, आणि ही डबी हातात घेतल्यावर नाव बरोबर वाटलं. काम मात्र वेगळं. झेनॉनच्या बल्बात तार नसते. काचेच्या वाटाण्याएवढ्या फुगीत दोन टोकं समोरासमोर, मधे गॅस आणि क्षार. बलास्ट त्या टोकांमध्ये वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका टाकतो, ठिणगी पेटते, आणि मग तीच ठिणगी पंच्याऐंशी व्होल्टच्या आसपास तेवत ठेवतो. दोन स्क्रू कमी पडले म्हणून बलास्ट आम्ही तारेनं बांधले.

संध्याकाळी अंधार पडायची वाट बघितली. सगळं घर अंगणात. मी बटण दाबलं. आधी टिक्‌ असा बारीक आवाज, मग जांभळट, वेल्डिंगसारखा भक्क उजेड, मग तो हळूहळू आठ-दहा सेकंदांत पांढरा होत गेला. समोरच्या कडुनिंबाचं पान न्‌ पान सुटं दिसायला लागलं. खुराड्यातल्या कोंबड्या उठून ओरडायला लागल्या. पुतण्यानं शिट्टी मारली. आई म्हणाली, "अगं बाई, दिवस उगावला." नाना खाटेवर बसलेले होते. ते काही बोलले नाहीत, उठून आत गेले. मला वाटलं जेवायला गेले.

पहिले तीन महिने मी त्या लाइटच्या प्रेमात होतो, खोटं कशाला बोलू. रस्त्याच्या कडेची मैलाची दगडं, पांढऱ्या पट्ट्या, खड्ड्यातलं पाणी सगळं आधीच दिसायचं. पण त्याहून जास्त आवडायचं ते वेगळंच. समोरून येणारा लांबूनच डिप्पर मारायचा, मग कडेला घ्यायचा. मोटरसायकलवाले तर थांबायचे. मला वाटायचं, आता लोक गाडीला मान देतात. इतकी वर्षं हौद्यात भाजी घालून फिरणारी पिकअप, तिला कोण विचारतंय? मुंबईच्या मोठ्या गाड्या मागून हॉर्न मारून खाली उतरवायच्या. आता त्याच गाड्या माझ्यासमोर गोंधळायच्या, हळू व्हायच्या. एकदा मढच्या पुढं एका एसटीवाल्यानं शेजारून जाताना खिडकीतून हात काढून काहीतरी म्हटलं. काचा वर होत्या. मी हात हलवून त्याला नमस्कार केला.

तो काय म्हणाला असेल ते आता कळतं.

मधेच एक अडचण मात्र लगेच लक्षात आली होती, आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. रात्रीच्या रस्त्यावर अप्पर-डिप्पर, म्हणजे लांबचा उजेड आणि खालचा उजेड, ही भाषा आहे. एकदा मारला की 'मी येतोय, थांब', दोनदा पटपट मारला की 'तुझा अप्पर पाड', आभार मानायला वेगळा, पुढं पोलीस उभे आहेत हे सांगायला वेगळा. ट्रकच्या मागं 'यूज डिप्पर ॲट नाइट' लिहितात ते उगाच नाही. जुन्या बल्बात दोन तारा असतात, एक साठ वॅटची अप्परची, एक पंचावन्नची डिप्परची. एक विझते, दुसरी पेटते, डोळा मिचकावल्यासारखं. माझ्या नव्या दिव्यात तारच नव्हती. त्यात अप्पर-डिप्परसाठी चुंबकावर अख्खा बल्ब मागं-पुढं सरकायचा, खट्‌, खट्‌. आणि दिवसा दिवे बंद असताना कोणाला डिप्पर मारला तर आधी ठिणगी पेटणार, मग उजेड चढणार, तोवर समोरचा निघून गेलेला. मला 'थांब' म्हणायचं असायचं आणि माझी गाडी त्याच्या पाठीला सांगायची. पुढं पुढं तर उजव्या बल्बाचा चुंबक अडकायला लागला. उजवा कायम वर, डावा खाली. गाडीला डोळा मारायची खोड लागली.

मग पाऊस आला. माळशेजमधला पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना काय सांगायचं, आणि ज्यांनी फक्त धबधब्याखाली भिजायला म्हणून बघितलाय त्यांना रात्री दोनचा माळशेज सांगून कळणार नाही. जुलैची रात्र होती, कोथिंबीर भरलेली, म्हणजे वेळेत पोचलंच पाहिजे, जुडी पिवळी पडली की आडत्या हातही लावत नाही. खुबी फाटा सोडला आणि ढग खाली आले. पहिल्या वळणावर माझ्यासमोर भिंत उभी राहिली. पांढरी, चुन्यानं सारवल्यासारखी, बॉनेटपासून हातभर अंतरावर. जितका उजेड जास्त तितकी ती भिंत जाड. धुक्यातल्या थेंबांवर उजेड आपटून माझ्याच डोळ्यांत परत येत होता. डावीकडं कडा आहे की दरी हेसुद्धा कळेना. खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर काढलं तर पाण्याचा नुसता आवाज. शेवटी हेडलाइट बंदच केले. पार्किंगचे दोन बारके पिवळे दिवे ठेवले आणि थांबून राहिलो. मागून एक जुना ट्रक आला, अगदी सावकाश, पिवळ्या मळकट दिव्यांचा. त्याला पुढं जाऊ दिलं आणि त्याच्या मागच्या लाल दिव्याला धरून मोरोशीपर्यंत उतरलो. अठराशे रुपयांचे दिवे विझवून दुसऱ्याच्या दिव्यावर घाट उतरलो. टोकावड्याला चहाला थांबलो तेव्हा त्या ड्रायव्हरचे पैसे मी दिले. का ते त्याला सांगितलं नाही.

एवढं होऊनही लाइट काढले नाहीत. वर्षातून चारच महिने धुकं असतं, असं मी स्वतःला सांगितलं. आरटीओच्या पासिंगच्या दिवशी जुने बल्ब लावायचे, पासिंग झालं की परत नवे, हेही जमलं होतं. कारखान्यातून गाडी जशी येते तशीच ठेवायची, हे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला पुढं वाचायला मिळालं, पण कलमं वाचून कोण दिवे काढतो? आमच्या भागात निम्म्या पिकअप पासिंगच्या दिवशी साध्याभोळ्या होऊन येतात.

विहिरीजवळच्या त्या रात्रीनंतर मात्र मी मोबाइलवर वाचत बसायला लागलो. गाडी लागली की गाळ्यावर दोन-तीन तास मोकळे असतात. झेनॉन हा वायू १८९८ साली रॅमझी आणि ट्रॅव्हर्स ह्या दोघांना लंडनमध्ये सापडला. हवेत तो इतका थोडा, की एक कोटी भागांत एक भागसुद्धा भरत नाही. नवा सापडलेला, कोणाच्या ओळखीचा नसलेला, म्हणून त्याला ग्रीक शब्द दिला. त्या शब्दाचा अर्थ परका. पाहुणाही. हे वाचलं तेव्हा मी वाशीच्या गाळ्यात कॅरेट उपडं करून त्याच्यावर बसलो होतो आणि शेजारचे हमाल माझ्याकडं बघायला लागले, कारण मी एकटाच मोठ्यानं हसलो.

आणखीही वाचलं. हे दिवे गाडीला पहिल्यांदा आले ते १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजला. तिकडं युरोपात असल्या जोरदार दिव्यांना नियम आहे. दोन हजार ल्युमेनच्या वर उजेड असेल तर काच धुवायचा फवारा पाहिजे आणि गाडी मागून दबली की दिवा आपोआप खाली झुकला पाहिजे. पुढं भिंग असतं, भिंगाच्या आत पापणीसारखा पत्रा असतो, तो वरचा उजेड सुरीनं कापल्यासारखा कापतो. त्यांनी सगळा संसार केला होता, आम्ही त्यातला फक्त बल्ब उचलून आणला. माझ्या गाडीची आरशाची वाटी जुन्या तारेसाठी घडवलेली. जुन्या बल्बात डिप्परच्या तारेखाली एवढीशी धातूची वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, म्हणून समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. त्या जागी मी तिप्पट उजेडाची ठिणगी नेऊन बसवली होती, तीसुद्धा दोरीभर इकडं-तिकडं. वाटी बिचारी मिळेल तो उजेड मिळेल तिकडं फेकत होती.

आणि पिकअप ही काही मोटार नाही. हौद्यात दीड टन माल पडला की मागचे स्प्रिंगचे पाटे सरळ होतात आणि गाडी नाक वर करते. नाक एका अंशानं जरी वर गेलं तरी पन्नास मीटरवर उजेड सत्त्याऐंशी सेंटिमीटर वर चढतो. म्हणजे रस्त्यावर पडणारा उजेड मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर. हे गणित पुतण्यानं कागदावर करून दाखवलं, त्याच पुतण्यानं. माझं भाडं असतं ते भरल्या गाडीचं. म्हणजे मला सगळ्यात जास्त दिसत होतं तेव्हाच समोरच्याला काही दिसत नव्हतं. आणि त्या रात्री मागं पेंडीची पंचवीस पोती होती.

तरी मी एक पळवाट काढली होती, तीही सांगतो. नानांना मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्यात पिकत आलेला. मोतीबिंदूवाल्याला रात्रीचा उजेड फुटून दिसतो, दिव्याभोवती कडी दिसतात, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. मग मी घरात म्हणालो, "लाइटचं काही नाही, नानांचा डोळा आहे तो." सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. नारायणगावला ऑपरेशन झालं, महिनाभर हिरवी पट्टी, थेंब, काळा चष्मा. नाना पेपर वाचायला लागले. पुढच्या पाळीला ते पुन्हा दारं धरायला गेले आणि मी पुन्हा पहाटेचा आलो, ह्या वेळी रिकामा. त्याच वळणावर तोच पंजा डोळ्यांवर. मी थांबलो. खाली उतरलो, इंजिन चालू, दिवे चालू. नाना म्हणाले, "आता उतरलाच हायेस तर ये हिकडं." मी त्यांच्या शेजारी चारीच्या कडेला जाऊन उभा राहिलो आणि माझ्या गाडीकडं तोंड केलं.

गाडी नव्हतीच तिथं. दोन पांढरी भोकं आणि बाकी सगळा काळोख. पाय कुठं ठेवायचा ते दिसेना, चारी दिसेना, शेजारी नाना उभे होते तर त्यांचं धोतरसुद्धा दिसेना. डोळे मिटले तरी आत ती दोन भोकं जांभळी होऊन नाचत राहिली. "आवाजावरून तरी ओळखायचं ना," मी उगाच म्हणालो. "गावात सतरा पिकअपी हायती," नाना म्हणाले, "आवाज समद्यांचा एकच." मग थोड्या वेळानं, "आमच्या टायमाला ट्रकच्या दिव्यावर काळा टिपका काढायला लागायचा. मी किलीनर व्हतो तवा मीच काढायचो, ब्रशनं. मालक म्हनायचा, आपल्याला दिसाया पायजे, पर समोरचाबी घरी गेला पायजे." मी काही बोललो नाही. पाणी वाफ्यात भरत होतं त्याचा आवाज येत होता.

चाचांकडं गेलो तेव्हा त्यांनी 'मी सांगितलं होतं' असं एकदाही म्हटलं नाही, ह्याचा मला जास्त त्रास झाला. जुने बल्ब लावून, इंजिन चालू ठेवून त्यांनी मीटर लावला. बॅटरीवर पावणेचौदा व्होल्ट. उजव्या होल्डरला साडेबारा. डाव्याला अकरा. "बघ," ते म्हणाले, "तुझा बल्ब उपाशी आहे." व्होल्ट दहा टक्क्यांनी कमी झाले की असल्या बल्बाचा उजेड तीस टक्क्यांनी पडतो. डावा तर निम्म्यावर आला होता. करंट बटणापर्यंत जाऊन, सगळ्या डॅशबोर्डमधून फिरून, बारीक वायरीनं परत येत होता, आणि डाव्या बाजूचा अर्थिंगचा जोड बंपरच्या मागं जिथं पत्र्याला मारलेला होता तिथं गंजाचा हिरवा-तांबडा फुगा धरलेला. चाचांनी तो पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केला, नवा लग मारला, वर ग्रीस लावलं. बॅटरीपासून जाड वायर, फ्यूज, दोन रिले. काचा पिवळ्या पडलेल्या, त्या पाण्याच्या पेपरनं घासून बफ मारला. शेवटी गाडी गोडाऊनच्या भिंतीपासून दहा मीटरवर उभी केली. आणि मला म्हणाले, "मागं पोती टाक." "रिकामीच ठेवून सेट करू की." "रिकामी गाडी तू कधी चालवतोस?" शेजारच्या दुकानातून वीस पोती उसनी आणून हौद्यात टाकली, उजेडाची कड दिव्याच्या उंचीपेक्षा दहा सेंटिमीटर खाली येईपर्यंत स्क्रू फिरवले, पोती परत केली. सगळ्याचे नऊशे रुपये झाले. त्यातले शंभर पोती उचलणाऱ्या पोराचे.

रस्ता आता पिवळा दिसतो. झेनॉनइतका दिसत नाही, हे कबूल केलं पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नसताना, कधीकधी त्या पांढऱ्या उजेडाची आठवण येते, एखादी व्यसनाची चीज आठवावी तशी. मोठ्या गाड्या पुन्हा मागून हॉर्न मारून मला खाली उतरवतात. धुक्यात बरं पडतं. डिप्पर मारला की लगेच लागतो. आणि डावा डोळा आता बारीक नाही, दोन्ही सारखे, त्यामुळं नानांना ओळखू यायचा प्रश्न होताच. मी विहिरीच्या अलीकडं दोनदा डिप्पर मारतो. पहिल्या रात्री ते तरी रस्ता सोडून उभे होते. हात मात्र खाली होता.

परवा धाकट्या चुलत्याचा पोरगा आला. त्यानं जुनी पिकअप घेतलीय. म्हणाला, "दादा, तुझे ते झेनॉन पडूनच आहेत ना? पाचशेला देतोस?" मी म्हणालो, बघू. तो म्हणाला, सहाशे. मी म्हणालो, बघू रे. पण खोकं कुठं आहे ते बघायला म्हणून फळीवर हात घातला. खोकं होतं. आत बल्बांच्या जागी नानांच्या डोळ्यांच्या थेंबांच्या दोन रिकाम्या बाटल्या, पट्टीचा रोल आणि तंबाखूची पुडी. बलास्ट नव्हते. नानांना विचारलं. "कंचं?" "अहो त्या दोन चपट्या डब्या, जड, वायरी लोंबणाऱ्या." त्यांनी तंबाखू मळता मळता हनुवटीनंच कांद्याच्या चाळीकडं दाखवलं. ताडपत्रीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना सुतळीनं दोन्ही बलास्ट बांधलेले, वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून.

चुलतभाऊ ते बघून म्हणाला, "दादा, हे चालतील अजून?"

"ताडपत्री तर उडाली नाही बाबा," नाना म्हणाले.